प्रीमेड, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि मंगळवारचं क्लिनिक

पार्श्वभूमी

हे प्रकरण मध्य न्यू जर्सीतलं आहे. कुटुंब, कॉलेज आणि क्लिनिक ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. विद्यार्थिनीला तिचा धाकटा भाऊ ताई म्हणतो, तेच नाव इथे वापरतो.

ताईचा जन्म सांगलीचा. आठ वर्षांची असताना ती आईबाबांबरोबर अमेरिकेत आली आणि शाळेत असतानाच कुटुंबाचं ग्रीन कार्ड झालं. बाबा आयटीत, आई औषधकंपनीत, घरी आजी. ताई राज्याच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. वसतिगृहात राहायची आणि शनिवार-रविवार आजीसाठी घरी यायची.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. ‘प्रीमेड’ म्हणजे मेडिकलची पूर्वतयारी; त्या नावाची पदवी नसते. विषय कोणताही घ्या, पण सोबत जीवशास्त्र, जनरल आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र आणि त्यांच्या प्रयोगशाळा पार पाडायच्या. नंतर एमकॅट नावाची जवळजवळ दिवसभराची परीक्षा, जिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मोजतात. एवढं करूनही अर्ज पुरा होत नाही. बहुतेक मेडिकल स्कूल्स ज्या सामायिक अर्जातून प्रवेश देतात त्यात पंधरापर्यंत उपक्रम लिहिता येतात आणि त्यांतले तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात. रुग्णांच्या जवळ राहून काही केलं आहे का, हे तिथे बघितलं जातं.

आपल्याकडच्या पालकांची गाडी नेमकी इथेच अडते. नीटमध्ये ७२० पैकी किती, यावर सगळं ठरतं असं बघत आपण मोठे झालो. मी स्वतः महाराष्ट्रात एमबीबीएस करून इथे रेसिडेन्सी केली. प्रवेशासाठी कधी कुणाला स्टूल उचलून दिल्याचंही मला आठवत नाही. ताईची आई मला म्हणाली, “मार्क चांगले आहेत ना तिचे? मग लोकांचे फॉर्म भरत कशाला बसायचं?” प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर मात्र सरळ नाही.

अडचण

ताई माझ्याकडे सल्ल्याला आली ती यादी घेऊनच. कोणत्या उपक्रमाला किती ‘वजन’ आहे, कुठल्या हॉस्पिटलचं नाव मोठं, मैत्रिणीचे किती तास झाले, असं सगळं त्यात होतं. तिच्याकडे स्वतःचे किती तास आहेत, हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

ते आधी लिहायला लावलं. त्या सत्रात १६ क्रेडिट होते. अमेरिकन कॉलेजांचा ढोबळ हिशेब असा की एका क्रेडिटला आठवड्यात एक तास वर्ग आणि निदान दोन तास घरचा अभ्यास. म्हणजे ४८ तास. प्रयोगशाळा दोन, त्यांचे अहवाल वेगळे. शिवाय कॉलेजच्या शिकवणी केंद्रात पहिल्या वर्षाच्या मुलांना केमिस्ट्री शिकवण्याचं पगारी काम आठवड्याला आठ तास. ते सोडणं शक्य नव्हतं, कारण तिचा जेवणखर्च त्यातून निघत होता. उरले सहा तास, तेही जाण्यायेण्यासकट. ऑर्गॅनिकच्या परीक्षेच्या आठवड्यात त्यातलंही काही उरत नव्हतं.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मुलं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला मोकळा वेळ पाहून काम पत्करतात आणि ऑक्टोबरच्या मध्यावर समन्वयकाला दिलगिरीचे ईमेल लिहायला लागतात. काम निवडताना सत्रातला सर्वांत वाईट आठवडा समोर धरायचा. त्या आठवड्यात ज्या कामाला ‘या वेळी जमणार नाही’ असं आधी कळवून सांगता येतं आणि त्यामुळे कुणाचं अडत नाही, ते काम टिकतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मोठ्या हॉस्पिटलचा. नाव वजनदार, गणवेशाचा कोट, ओळखपत्र. अट वर्षभराची, दर आठवड्याला चार तासांची एक पाळी, सुट्ट्या मोजक्या. मी विचारलं, “पाळीच्या तिसऱ्या तासाला तू नेमकं काय करत असशील?” तिने तिथे आधी काम केलेल्या दोघांना विचारलं. एकजण माहिती कक्षात बसून लिफ्ट कुठे आहे ते सांगायचा. दुसरी इमर्जन्सीत ब्लँकेटं भरून ठेवायची आणि परवानगी मिळाली तर रुग्णाला पाणी द्यायची. ही कामं हलकी नाहीत. पण तिच्या सहा तासांत ती बसत नव्हती, आणि रुग्णाशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलणं होईलच असं नव्हतं. प्रीमेड मुलांमध्ये एक खडबडीत कसोटी चालते: रुग्णाचा वास येईल इतकं जवळ असाल तरच तो क्लिनिकल अनुभव. त्या कसोटीला हा पर्याय पुरता उतरत नव्हता.

दुसरा पर्याय स्क्राइबचा. डॉक्टर तपासत असताना संगणकात नोंदी टिपायच्या. पगार मिळतो, वैद्यकीय भाषा कानावर पडते, डॉक्टर विचार कसा करतात ते दिसतं. पण कंपन्यांना आठवड्याला दोन-तीन लांब पाळ्या हव्या असतात. शिवाय आता बरेच दवाखाने हे काम ऐकून नोंद करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवू लागले आहेत, त्यामुळे जागाही कमी होत चालल्या आहेत. (इथे एक सूचना: ज्या मुलांचा व्हिसा अजून एच-४, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला, आहे त्यांना हा मार्ग बंद आहे, कारण पगारी काम करता येत नाही. स्वयंसेवा चालते, पण ती मुळातच बिनपगारी असलेली जागा असावी लागते.)

तिसरा, ईएमटी (रुग्णवाहिकेवरचा प्रशिक्षित मदतनीस) होऊन गावाच्या फर्स्ट एड स्क्वॉडमध्ये जाण्याचा. न्यू जर्सीत स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकांची जुनी परंपरा आहे आणि पथकात येणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च राज्याच्या निधीतून निघतो. ताईला हाच सर्वांत आवडला होता. पण प्रशिक्षण दीडशे तासांहून अधिक, आणि मग रात्रीच्या ड्युट्या. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात केलं असतं तर गोष्ट वेगळी. ऑर्गॅनिक चालू असताना नाही.

चौथा हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा नियमच आहे की हॉस्पिसमधल्या रुग्णसेवेच्या तासांपैकी किमान ५ टक्क्यांइतका वाटा स्वयंसेवकांचा असला पाहिजे. त्यामुळे तिथे माणसं खरोखर हवी असतात. आठवड्याला एक भेट, दोन तास, एकाच रुग्णाजवळ बसायचं. वेळेच्या दृष्टीने हे सर्वांत सोयीचं होतं. आईने साफ नाही म्हटलं. घरी आजी थकत चालली होती आणि ताईनेही कबूल केलं की शुक्रवारी मरणाच्या दारातल्या माणसाजवळ बसून शनिवारी आजीला जेवायला वाढणं तिला झेपणार नाही. हा नकार मला पटला. त्यात कमीपणा काही नाही.

पाचवा पर्याय यादीत नव्हता, तो फोनवर आला. सांगलीच्या मामाचं नर्सिंग होम आहे. मामा म्हणाला, “सुट्टीत ये दोन महिने. थिएटरमध्ये उभी करतो तुला. टाके घालायला शिकवतो, इंजेक्शनं देऊ देतो. तिकडे शंभर वर्षांत मिळणार नाही असा अनुभव मिळेल.” बाबांना हे फार आवडलं.

मामाची माया खरी होती, म्हणून हे समजावणं अवघड गेलं. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने परदेशात रुग्णसेवा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी २०११मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जे काम करण्याचं प्रशिक्षण नाही ते परक्या देशात संधी मिळाली म्हणून करू नये, हा त्यांचा गाभा. अर्जात ‘मी एकोणिसाव्या वर्षी टाके घातले’ असं वाचून समिती प्रभावित होत नाही, सावध होते. सूचना बाजूला ठेवल्या तरी प्रश्न उरतोच. ज्या बाईच्या पोटावर ते टाके पडणार तिला कुणी विचारलं का? ती मिरजेजवळच्या खेड्यातली असेल, डॉक्टरांच्या भाचीला नाही म्हणणार नाही. ताई सांगलीला जाऊन मामाच्या ओपीडीत नुसती बसली, तर काहीच हरकत नव्हती. पुढे ती तशी गेलीही, आठवडाभर, हात मागे बांधून.

सहावा पर्याय चालत पंधरा मिनिटांवर होता. विमा नसलेल्यांसाठी मोफत क्लिनिक, एका चर्चच्या तळघरात, मंगळवार संध्याकाळी. काम नोंदणीचं: रुग्ण आला की माहिती भरून घ्यायची, चालू औषधांची यादी करायची, उंची-वजन-रक्तदाब बघायचा. अट एक मंगळवार सोडून एक मंगळवार, निदान दोन सत्रं. नाव कुणी ऐकलेलं नाही. तिच्या यादीत ते तळाशी होतं.

निर्णय

मी तिला निवडायला सांगितलं नाही. एक पाळी नुसती बघून ये, म्हटलं. फार थोडी मुलं असं विचारतात आणि समन्वयक सहसा आनंदाने हो म्हणतात. तिथे विचारायला तीन प्रश्न दिले: नवा स्वयंसेवक पहिले दोन महिने काय करतो? परीक्षेच्या आठवड्यात काय व्यवस्था असते? आणि मागच्या वर्षी आलेल्यांपैकी अजून कोण येतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून ताईचं मत फिरलं. चारपाचजण तीन वर्षांपासून येत होते, त्यातली एक सेवानिवृत्त नर्स. जिथे माणसं टिकतात तिथे शिकवणारं कुणीतरी असतं. परीक्षेसाठी आठवडाभर आधी सांगून पाळी बदलता येत होती. तिने होकार दिला.

मग तीन आठवडे वाया गेले, आणि त्याचं कारण आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावं. आरोग्यसेवेत पाऊल टाकण्याआधी गोवर-कांजिण्या-हेपॅटायटिस बी यांच्या प्रतिकारशक्तीचे पुरावे आणि क्षयाची चाचणी मागतात. ताईची मांटू टेस्ट, म्हणजे क्षयाची कातडीवरची चाचणी, पॉझिटिव्ह आली. भारतात जन्मलेल्या मुलांना जन्मतःच बीसीजी टोचतात, आणि त्या लशीमुळे पुढेही कातडीवरची ही चाचणी फसवी उमटू शकते. मग एक्स-रे, मग रक्ताची चाचणी. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, ती निगेटिव्ह आली. सुरुवातीलाच ‘मला बीसीजी दिलेली आहे, रक्ताची चाचणी करा’ म्हटलं असतं तर हे सगळं टळलं असतं.

पहिले महिने

तिला रक्तदाबाचं यंत्र लगेच मिळालं नाही. पहिल्या पाळ्या फोनवर गेल्या. पुढच्या मंगळवारी ज्यांची वेळ आहे त्यांना आठवण करून द्यायची, आणि जे आले नाहीत त्यांना कारण विचारायचं. नोव्हेंबरमध्ये ती वैतागून म्हणाली, “काका, मी कॉल सेंटरमध्ये लागले आहे. सोडू का?”

हा या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण होता असं मी मानतो. सोडण्यात काही गैर नव्हतं. ईएमटीचा विचार पुन्हा डोकं वर काढत होता. मी तिला एवढंच विचारलं, की लोक का येत नाहीत, याची कारणं तुला आता माहीत झाली आहेत का.

झाली होती. त्या भागात मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून आलेली कुटुंबं पुष्कळ. त्यातले बरेच टर्नपाइक या टोल महामार्गाच्या ८ए एक्झिटजवळच्या गोदामांत काम करतात, एजन्सीच्या व्हॅनने जातात. व्हॅन उशिरा सुटली की क्लिनिकची वेळ चुकते. कुणाला वाटतं की मोफत म्हटलं तरी नंतर बिल येईल. कुणाला राज्याच्या चॅरिटी केअर योजनेत हॉस्पिटलचं बिल माफ होऊ शकतं हेच माहीत नसतं. कुणी गोळी एक दिवसाआड घेतं, कारण महिनाभर पुरवायची असते. तिच्या वर्गात बसून हे कुणाला कळणार नव्हतं.

ती राहिली. दोन गोष्टी तिने समन्वयकाला सुचवल्या: दुपारी केलेले फोन कुणी उचलत नाही, ते संध्याकाळी करावेत, आणि स्पॅनिशमधला छोटा संदेश आधी पाठवावा. समन्वयकाने हो म्हटलं आणि रिकाम्या खुर्च्या कमी दिसू लागल्या. किती कमी, हे कुणी मोजलं नाही.

जानेवारीत नर्सने यंत्र हातात दिलं आणि पहिल्या संध्याकाळी सहापैकी चार माप पुन्हा घ्यायला लावली. पट्टा लहान बांधलेला, रुग्णाचे पाय लोंबकळते, हात हृदयाच्या पातळीच्या खाली, रुग्ण जिना उतरून आल्या आल्या बसवलेला. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं शांत, मग माप. मी हे एमबीबीएसला शिकलो होतो आणि गर्दीच्या ओपीडीत सोयीस्कर विसरलोही होतो.

मराठी आजोबा

वसंतात एका मंगळवारी साताऱ्याकडचे एक आजोबा आले. मुलाकडे व्हिजिटर व्हिसावर आलेले, मुक्काम वाढलेला, मधुमेहाच्या गोळ्या संपलेल्या. प्रवासी विम्यात आधीच्या आजारांना सहसा संरक्षण नसतं, हे इथे आलेल्या अनेक आईवडिलांना असंच कळतं. ताईने “आजोबा, बसा” म्हटलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

डॉक्टरांनी ताईलाच गोळ्यांचं प्रमाण समजावून सांगायला सांगितलं. ती थांबली. तिचं मराठी घरातलं. आजीशी बोलायला पुरेसं, पण ‘या गोळीनंतर जेवला नाहीत तर साखर उतरेल, घाम फुटेल, तेव्हा काय करायचं’ हे चूक न करता सांगण्याइतकं पक्कं नाही. क्लिनिकच्या प्रशिक्षणात बजावलेलं होतं की औषधोपचाराचं बोलणं प्रशिक्षित दुभाष्यामार्फत व्हावं. केंद्रीय निधी घेणाऱ्या दवाखान्यांवर तशी कायदेशीर जबाबदारी आहे, आणि हे क्लिनिकही तोच नियम पाळायचं. तिने फोनवरच्या दुभाष्याची मागणी केली. स्पॅनिश लगेच मिळतं, मराठीला बराच वेळ लागला.

आजोबा चिडले. “अगं पोरी, तू आपली मराठी ना? मग हा फोन कशाला मध्ये?”

“आजोबा, गप्पा मी मारते तुमच्याशी. औषधाचं त्यांना सांगू द्या. माझी चूक झाली तर त्रास तुम्हाला होईल.”

डॉक्टरही थोडे नाराज दिसले, कारण रांग खोळंबली. मला विचाराल तर तिने त्या वर्षात केलेली सर्वांत चांगली गोष्ट ही. मामाच्या थिएटरला नाही म्हणताना जे मी समजावलं होतं ते इथे तिला कुणी समजावलं नव्हतं. आजोबांना दुकानांच्या चार डॉलरला मिळणाऱ्या औषधांच्या यादीतली साधी गोळी लिहून मिळाली. जाताना त्यांनी तिला तिचं गाव विचारलं.

एमकॅटचं वर्ष आणि परिणाम

तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात एमकॅटचा अभ्यास सुरू झाला. तिने दोन महिने सुट्टी मागितली. समन्वयकाने त्याऐवजी महिन्यातून एक पाळी सुचवली आणि तिने ती घेतली. मी असतो तर पूर्ण सुट्टी घे म्हटलं असतं. तिला ते तीन-चार तास पुस्तकापासून सुटका वाटले. तिचं बरोबर ठरलं असावं.

अर्ज भरताना तिच्याकडे दोनशेच्या आतबाहेर तास होते. तिच्या मैत्रिणीकडे मोठ्या हॉस्पिटलचे साडेचारशे. ताईने पदवीनंतर एक वर्ष थांबून अर्ज केला. आता मेडिकलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलं असं थांबतात; भारतातल्या नातेवाइकांना मात्र ‘वर्ष गेलं’ असंच वाटतं. मधल्या वर्षात क्लिनिकने तिला पगारावर घेतलं. मुलाखतींत जवळजवळ सगळीकडे न येणाऱ्या रुग्णांच्या फोनबद्दल विचारलं गेलं. एका ठिकाणी प्रवेश मिळाला, दोन ठिकाणी प्रतीक्षा यादी. मैत्रिणीलाही प्रवेश मिळाला. ताईला तो क्लिनिकमुळे मिळाला असं म्हणायला मी तयार नाही. तिचे गुणही चांगले होते.

वेगळं काय करता आलं असतं

ईएमटीचं प्रशिक्षण पहिल्या उन्हाळ्यात बसलं असतं. तेव्हा कुणी सांगायला नव्हतं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी उन्हाळा मोकळा असताना याचा विचार करावा, तिसऱ्या वर्षी करू नये.

स्पॅनिश. ताईने शाळेत ते तीन वर्षं शिकून सोडलं होतं. कॉलेजात चौथा ऐच्छिक विषय म्हणून घेतलं असतं तर दुभाषी म्हणून नव्हे, पण रुग्णाला बसवून, नाव विचारून, धीर द्यायला रोज उपयोगी पडलं असतं. त्याऐवजी तिने सोपे गुण मिळतील असा विषय घेतला, आणि त्याला माझीही संमती होती.

आईबाबांना एकदा क्लिनिक दाखवायला हवं होतं. दोन वर्षं ते ‘फॉर्म भरणं’ समजत राहिले. मराठी आजोबांची गोष्ट ऐकल्यावर आईचा सूर बदलला, तोवर अर्जही गेला होता.

आणि नोंदी. अर्जात प्रत्येक उपक्रमापुढे पडताळणीसाठी एका माणसाचं नाव आणि फोन किंवा ईमेल द्यावा लागतो. दोन वर्षांत क्लिनिकचे समन्वयक दोनदा बदलले आणि जुन्या हजेरीपत्रकांचा पत्ता नव्हता. ताईने तास आपल्या फोनमधल्या कॅलेंडरवरून मागे मोजत जुळवले, आणि सेवानिवृत्त नर्सने सही दिली म्हणून निभावलं. आता माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच पाळीपासून एक साधा तक्ता ठेवायला सांगतो: तारीख, तास, काय केलं, त्या दिवशी कोण प्रमुख होतं, त्यांचा ईमेल. रुग्णाचं नाव त्यात येऊ द्यायचं नाही.